दहा मिनिटांतील सहा मिनिटे

वार्षिकांकासाठी मागच्या बाकावरचे मित्र पावसावर कविता देतात आणि पुढच्या बाकावरच्या मैत्रिणी आईवर लेख देतात. मी वेल्डिंगच्या यंत्रावर लिहितो आहे हे ऐकून मराठीच्या सरांनी चष्मा काढून पुसला. "लिही," म्हणाले, "पण खरं लिही." तेव्हा पैशांपासूनच सुरुवात करतो. पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवून मी दोन वर्षांत नऊ हजार रुपये जमवले होते, ते बी.एड.च्या प्रवेश परीक्षेच्या शिकवणीसाठी. त्यांतले आठ हजार दोनशे दिवाळीनंतर एका लाल पेटीत गेले.

बाबांनी वीस वर्षे दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंग केले. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी, चुन्याच्या भट्ट्या. तुटके लोखंड कधी कमी पडले नाही. कमी पडला तो बाबांचा श्वास. दम लागू लागला तसे मालकाने "आता आराम करा" असे सांगितले, आणि आमच्या घरी आराम सुरू झाला. लोक मात्र सवयीने येतच राहिले. कुणाचे कूलरचे स्टँड, कुणाचा डवरा, कुणाच्या फाटकाची बिजागरी. बाबा वस्तू हातात घेत, उलटसुलट पाहत आणि परत देत. ते परत देणे मला पाहवेना.

मोबाइलवर आठ दिवस वाचून मी पंडित झालो. दुकानातले जुने यंत्र दोघांनी उचलावे असे, कारण आपली वीज सेकंदाला शंभरच वेळा दिशा बदलते आणि त्या चालीला ट्रान्सफॉर्मर मोठाच लागतो. इन्व्हर्टर यंत्र त्याच विजेचे आधी डी.सी. करते, मग तिला सेकंदाला हजारो वेळा तोडते. त्यामुळे तळहाताएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर भागते आणि सारी पेटी पाच-सहा किलोंत बसते. ही तोडातोडी करणारा आय.जी.बी.टी. नावाचा तुकडा घडवण्यात बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा. १९६९ साली मद्रासच्या आय.आय.टी.तून पदवी घेतलेला आपलाच माणूस. (विजेच्या ठिणगीने लोखंड जोडण्याची रीत रशियातल्या बेनार्दोसने १८८१ साली काढली. लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीत जन्मले १८८० साली. संबंध काही नाही, पण वणीचा माणूस हे सांगितल्याशिवाय राहत नाही.)

एस.टी.ने आम्ही चंद्रपूरला गेलो. पहिल्याच दुकानात पाच हजारांची पेटी होती आणि तिच्यावर ठसठशीत '४००' लिहिलेले. स्वस्त आणि जबर! मी पाकिटाला हात घातला. बाबा पेटीजवळ उकिडवे बसले.

"मले सांगा, घरच्या लाइनवर हे चारशे येनार कुठून?"

दुकानदार हसला. मी मनात हिशेब केला आणि वरमलो. खरोखर चारशे अँपिअर द्यायचे तर काहीही वाया न जाता घरच्या तारेतून साठांहून अधिक ओढावे लागतील. आमचा मोठा प्लगसुद्धा सोळाचा. घरकामाला बारा नंबरचा रॉड पुरतो. त्याला सत्तर ते नव्वद अँपिअर बस्स, आणि तेवढे त्या प्लगवर निघते.

"आन् दहा मिनिटांत किती मिनिटं चालते?"

हा प्रश्न माझ्या आठ दिवसांच्या अभ्यासात सुटला होता. किती अँपिअरवर दहांपैकी किती मिनिटे सतत काम देईल, हे प्रामाणिक यंत्राच्या पाटीवर छापलेले असते. त्या पेटीवर पाटीच नव्हती. दुसऱ्या दुकानात दोनशेचे यंत्र होते, पाटीवर साठ टक्के. म्हणजे दहांत सहा मिनिटे. तेही चाळीस अंशांच्या हवेत. आमचा मे महिना त्या पाटीला माहीत नसावा. बाबांनी केबल वाकवून पाहिली, टोक खरवडून तांबे की ॲल्युमिनियम ते पाहिले, पंख्याला कान लावला. घासाघीस माझ्याकडे होती. दोनशे रुपये सुटले.

घरी बाबांनी नियम घातले. काम अंगणातच. जस्त चढवलेला पाइप आणायचा नाही. त्याच्या पांढऱ्या धुराने धडधाकट माणसालाही ताप भरतो. काळ्या काचेशिवाय कुणी पाहायचे नाही. लांब, बारीक वायर जोडायची नाही, कारण दाब वाटेतच गळतो. आणि रॉड धरणार मी. ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाटेवर बसणार.

शेजारच्या काकूंचे कूलरचे स्टँड पहिले आले. माझा रॉड चिकटला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा अँगलला भोक पडले.

"पह्यले सगळ्याईचाच चिकटते," बाबा म्हणाले. मग उठलेच. आईने आतून "अहो!" म्हटले, त्यांनी ऐकले नाही. काच तोंडासमोर धरली आणि माझे भोक भरून एका संथ ओळीत तो सांधा पुरा केला. मी घड्याळ पाहत होतो. चार मिनिटे झाली. ते खाटेवर येऊन बसले, श्वास जागेवर येईपर्यंत काही बोलले नाहीत, मग हातोडीकडे बोट केले. मी खपली ठोकली. खाली चकचकीत, एकसारखी वळी निघाली.

काकूंनी पन्नासाची नोट पुढे केली. बाबांनी हात जोडून नको म्हटले. आई बाहेर आली, नोट घेतली आणि माझ्या शिकवणीच्या डब्यात टाकली.