देहूचे मासे, आळंदीचा फेस

आमच्या लहानपणी देहूच्या घाटावर मासे बघायला जायचं तर खिशात फुटाणे हवेत, एवढीच अट. पायरीवरून मूठभर टाकले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. हातभर लांबीचे महाशीर एकमेकांवर चढायचे, त्यांचे मोठाले खवले उन्हात लखलखायचे. देवाचे मासे ते; तिथे जाळं टाकायची कुणाची छाती नव्हती. भोई मंडळी डोहापासून बरीच खाली जाऊन जाळी लावत. मरळ, वाम, शिंगटा मिळे, बाजाराच्या दिवशी रोख पैसे हातात येत. डोह राखायला ना रखवालदार होता, ना सरकारी अनुदान.

इंद्रायणी तेव्हा मोकळी वाहत होती असं मात्र कुणी समजू नये. लोणावळ्याला वळवण धरणात तिचं पाणी अडवायचं, घाटाखाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची, हा व्यवहार 1915 पासूनचा. खाली शेतीचा उपसा, धुणी, वारीतल्या अंघोळी. पण उरलेलं पाणी स्वच्छ होतं, तळाला गोटे आणि वाळू होती. महाशीरचं तेवढ्यावर भागत होतं.

मग पिंपरी-चिंचवड फुगलं, चाकणला कारखाने आले. आमच्याच घरातली पोरं तिथे नोकरीला लागली, तेव्हा नुसतं नाक मुरडून चालणार नाही. पण सांडपाणी शुद्ध करण्याचा जो खर्च वाचवला गेला, तो कुणीतरी भरलाच. आळंदीला नदीवर साबणासारखा पांढरा फेस तरंगतो, वारकरी त्यातूनच वाट काढून तीर्थ घेतात. देहूला मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या येतात. तुळापूरला भीमेत मिळून हे पाणी पुढे उजनी धरणात जातं. भिगवणच्या मासळी बाजारात बघा, चिलापीचे ढीग. हा परदेशी मासा घाण पाण्यातही तग धरतो. मरळीच्या भावापुढे त्याचा भाव किरकोळ. शहरांनी वाचवलेला पैसा असा भोयांच्या पाटीतून वजा होतो.

गंमत अशी, की इंद्रायणीच्याच उगमाकडे, वळवणला, टाटा पॉवर गेली पन्नासेक वर्षं महाशीरची पैदास करते आहे. मादीच्या पोटावरून हलक्या हाताने अंगठा फिरवून अंडी काढतात, त्यावर नराचं वीर्य मिसळतात आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरून ठेवतात. तीन-चार दिवसांत पिल्लं. इथे वाढवलेला निळ्या पराचा महाशीर धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला, त्याचं बरंचसं श्रेय या खटाटोपाला दिलं गेलं. पण इथलं बीज कावेरीत सोडलं, तिथे ते माजलं आणि तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महाशीर आज नामशेष व्हायच्या बेतात आहे. उबवणी केंद्र म्हणजे नदी नव्हे, हे एवढं महागात शिकायला नको होतं.

त्याच कावेरीने दुसरंही दाखवलं. तिच्या काठी भीमेश्वरीच्या शिबिरांत गळाने मासा धरून परत पाण्यात सोडणारे शौकीन देशोदेशींहून येत, आणि पूर्वी चोरून मासे मारणारे गावकरी पगारावर राखणदार, वाटाडे झाले. पुढे कायद्याच्या अर्थावरून ती शिबिरं बंद पडली. जिवंत मासा मेलेल्यापेक्षा जास्त कमावतो, हा हिशोब मात्र सिद्ध झाला होता. आपल्याकडे तो कुणी मांडून बघितल्याचं मला आठवत नाही.

मासे वाचवायचे तर खर्च फार, असं म्हणतात. आहेच. शेजारच्या मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी 2016 मध्ये 990 कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, जपानचं कर्ज काढून. पण हा खर्च माशांच्या नावावर लिहू नका, तो आपल्या न्हाणीघरांचा आहे. तेव्हा यापुढे सांडपाण्याचा आकार वाढला तर कुरकुर न करता भरा, आणि त्या पैशातून नदीत किती शुद्ध पाणी सोडलं, हे महापालिकेला दर वर्षी लेखी विचारा.