आधी आवळायचं

मद्रासमध्ये मैलापूरला आमचं भाड्याचं घर वेस्ट माडा स्ट्रीटच्या मागच्या बोळात होतं. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा, आणि ओट्याच्या कडेला नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड. १९८१ च्या मे महिन्यात त्या शेडमध्ये एक स्टँडर्ड हेराल्ड आली. ती चालत आली नाही, चौघांनी ढकलत आणली. पलीकडच्या गल्लीतल्या वकीलमामांची ती गाडी. मामा गेल्यावर चार पावसाळे ती उघड्यावर उभी होती. बाबांनी ती का घेतली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ऑफिसातून आले की ते चपला काढायच्या आधी शेडमध्ये डोकावत, एवढं मी पाहिलं.

कपालीश्वराच्या देवळापासून समुद्र चालत पंधरा-वीस मिनिटांवर. संध्याकाळी सांथोमकडून वारा सुटला की जिवात जीव यायचा, पण त्याच वाऱ्यात मीठ असतं आणि लोखंडाला ते सोसत नाही. गंज नुसता वरून चढत नाही, तो फुगतो. मूळ लोखंडाला लागते त्याच्या कितीतरी पट जागा गंजाला लागते. म्हणून नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली केसाएवढी फट तो भरून काढतो आणि दोघांना एकजीव करून टाकतो.

हेराल्डला तर सगळीकडे बोल्टच बोल्ट. ही गाडी १९५९ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड म्हणून निघाली. तिचं रूप रेखाटलं इटलीतल्या तूरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. त्या काळात इतर गाड्यांची बॉडी अखंड सांधलेली असायला लागली होती. हेराल्डची बॉडी मात्र वेगवेगळ्या भागांत करून चासीवर बोल्टने बसवलेली. सांधलेली नव्हे, बांधलेली गाडी. त्यामुळे ती दूरदेशी नेऊन जुळवणं सोपं होतं आणि १९६१ पासून ती आमच्या मद्रासमध्येच तयार व्हायला लागली. बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट सगळं तोंडच पुढे कलंडायचं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करता यायचं. मी दहा वर्षांची होते. ते चाक म्हणजे माझी जागा ठरून गेली.

पहिल्याच रविवारी बाबांच्या हातून एक बोल्ट बिघडला. त्यांच्याकडचे पाने एमएमचे आणि हेराल्डचे बोल्ट इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ नंबरचा पाना त्यावर बसतो, पण किंचित सैल. बाबांनी पान्यावर भार टाकला, पाना सटकला आणि बोल्टचे सहा कोपरे झिजून डोकं गोल झालं. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हात पुसून आत आले आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. पांढरी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळावर विभूती, खांद्यावर काथ्याची पिशवी. पिशवीत इंची रिंग पाने, एक पितळी सळई, छोटी हातोडी आणि तेलाची लांब चोचीची बुधली. त्यांनी कुठलाही नट सोडवायला घेतला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "सार, पोरुमै." धीर धरा. मग त्यांनी डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल बुधलीत कालवलं आणि एकेका बोल्टला थेंब थेंब पाजलं. पहिला दिवस तेवढ्यावरच संपला.

पुढे रोज दिवेलागणीला हाच क्रम. देवळाची घंटा वाजायची, आई आत सांजवात लावायची आणि बाबा बुधली घेऊन गाडीखाली शिरायचे. माझ्या हातात टॉर्च. तेल आत झिरपावं म्हणून मेस्त्रींनी पितळी सळईने बोल्टच्या डोक्यावर हलकेच ठोकायला शिकवलं होतं. त्या धक्क्याने आतला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. ठोकताना मी कान देऊन ऐकायची. जाम बोल्टचा आवाज वेगळा, मोकळा होऊ लागलेल्याचा वेगळा. हे मला मेस्त्रींनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पंधरवड्यात माझं मलाच कळायला लागलं.

आठवडा झाल्यावर त्यांनी पहिला नट हाती घेतला आणि पाना उलट्या दिशेने लावला. बाबा न राहवून मराठीत पुटपुटले, "अहो, हे तर आवळतायत!" मेस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "आधी आवळायचं. मग सुटतं."

मराठीत.

बाबा खाली बसले, तसेच बसून राहिले. मेस्त्री बाहेर आले आणि ओशाळल्यासारखे हसले. तंजावरकडचे ते. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिथे गेलेल्या घरांपैकी त्यांचं घर. तीनशे वर्षं त्या घराने ही भाषा चुलीपाशी जपली होती. चाल तमिळ, शब्द मात्र आपले, त्यातले काही माझ्या आजीच्याही आधीचे. बाहेर ती बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवसापासून ते बाबांशी मराठी बोलू लागले, हळू आवाजात, एकेक वाक्य तपासून. पुढे मला कळलं की मैलापूरला ही भाषा मुळीच परकी नव्हती. तंजावरी मराठी घराण्यातल्या दिवाण बहादूर रघुनाथरावांचं घर इथलंच. डिसेंबर १८८४ मध्ये तिथे सतरा जण जमले होते आणि काँग्रेसच्या जन्मकथेत त्या बैठकीचा उल्लेख येतो. पण माझ्यासाठी तंजावरची मराठी म्हणजे गाडीखालून आलेला तो आवाज.

आधी आवळायचं ते का, हेही त्यांनी मला दाखवलं. नट किंचित पुढे सरकला की गंजाची पकड मोडते. मग किंचित मागे. पुन्हा तेल, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आट्यांतून लाल चिखल बाहेर येतो, तो पुसायचा. जोर लावून एकदम उलटा फिरवला तर बोल्ट मुरगळून तुटतो आणि अर्धा आत राहतो. एक्झॉस्टच्या नटांना त्यांनी गॅसची ज्योत दाखवली. नट मंद लाल झाला आणि जरा निवला की त्याला मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत आपोआप ओढलं गेलं. मला ती जादूच वाटली.

ज्योत चालली नाही ती एकाच ठिकाणी. पुढच्या चाकाची उभी खुंटी खाली एका पितळी सांध्यात बसते, त्याला ट्रनियन म्हणतात. त्यातून आडवा बोल्ट जातो, तो पोलादी नळीतून, आणि नळीभोवती नायलॉनचे बुश. आच दिली तर नायलॉन वितळणार. डाव्या बाजूचा बोल्ट त्या नळीत असा बसला होता की नट निघाला तरी बोल्ट जागचा हलेना. अग्निनक्षत्राचे, म्हणजे ऐन उन्हाच्या तडाख्याचे दिवस, झावळ्यांखालीसुद्धा लोखंडाला हात लावता येत नव्हता. करवतीने कापून टाकता आला असता. बाबांनीच ते सुचवलं. मेस्त्रींनी मान हलवली. नऊ दिवस तेल, ठोका, थोडं पुढे, थोडं मागे. दहाव्या दिवशी सकाळी बाबांनी पाना लावला आणि आतून एक कोरडा, बारीक कर्र असा आवाज आला. बाबांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही तो ऐकला होता. ऑफिसला उशीर झाला तरी त्या दिवशी बाबा गाडीखालून निघायला तयार नव्हते.

नवे बोल्ट आणायला आम्ही दोघं पुदुपेट्टैला जायचो. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची ती पेठ. कुठे नुसती दारंच दारं लटकलेली, कुठे नुसत्या हेडलाइटांच्या माळा. इंची आट्यांचे बोल्ट एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मिळत. ते डब्यातून काढून तो तळहातावर ठेवायचा आणि बाबा एकेक नट त्यावर बोटांनी फिरवून बघायचे. माझ्या शांत बाबांना इतका वेळ, इतक्या आनंदाने बोलताना मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

गाडी जुळवताना मेस्त्री प्रत्येक बोल्टला ग्रीस चोपडायचे. ट्रनियनच्या बोल्टला तर दोनदा. मी विचारलं, नव्याला कशाला? ते म्हणाले, "पुढे कोण तरी खोलणार की."

आयुध पूजेला हेराल्ड अंगाला चंदन, कुंकू आणि दारांना केळीचे खुंट लावून शेडमधून निघाली. मेस्त्रींचे पाने आईने पाटावर मांडून पुजले होते. चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि बाबांनी गाडी त्यांवरून पुढे घेतली. बोळाच्या तोंडाशी ती एका दमात वळली. पंचवीस फुटांत वळते ही गाडी, बाबा ते कौतुकाने सगळ्यांना सांगत.

१९९४ साली बाबा निवृत्त होऊन साताऱ्याला परतायला निघाले तेव्हा गाडी विकावी लागली. घेणाऱ्याने आपला मेकॅनिक आणला होता. बुश पाहायचे म्हणून तो डाव्या चाकापाशी बसला, ट्रनियनच्या बोल्टला पाना लावला आणि दोन्ही पाय जमिनीत रोवून जोर लावायच्या तयारीत राहिला. बोल्ट त्याच्या बोटांच्या जोरानेच फिरला. त्याने चकित होऊन वर पाहिलं. मेस्त्री दोन वर्षांपूर्वीच गेले होते. बाबा चाकाजवळ उकिडवे बसले, निघालेला बोल्ट हातात घेतला आणि त्यावरचं ग्रीस अजून ओलं आहे का ते अंगठ्याने पाहत राहिले.