वेण्णेचा वरचा पत्ता

सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींमध्ये सोप्या धबधब्यांना फारसा मान नाही. दोराला लटकायचं नसेल, अर्धा डोंगर चढून घाम गाळायचा नसेल, तर ते पाणी काय बघायचं, असा एक छुपा सूर असतो. गाडी लावली, तिकीट काढलं, थोडं झाडीतून चाललं की पोचलं, ही त्यांच्या लेखी शाळेची सहल. मला असल्या वाटा आवडतात. पाय कुठे टाकायचा याचा घोर नसला की डोळ्यांना उसंत मिळते. शिवाय अशा वाटेवर आत्याला नेता येतं.

आत्या मेढ्याची. लग्न होऊन तिथे आली तेव्हापासून तिचा वेण्णेशी शेजार. नदीचं पाणी प्यायली, उन्हाळ्यात नदीवर गोधड्या धुतल्या, पुराच्या दिवसांत पुलावर उभं राहून पाणी मोजलं. पण हीच नदी वर कुठे कड्यावरून उडी घेते ते तिने पाहिलेलं नव्हतं. केळघरचा घाट चढला की महाबळेश्वर. तरी बाजारहाट, दवाखाना, कचेरी सगळं साताऱ्याला. महाबळेश्वर पाहुण्यांनी बघायचं, घरच्यांनी नाही, असाच खालच्या गावांचा रिवाज.

म्हणून तिला लिंगमळ्याच्या धबधब्याला घेऊन गेलो. लिंगमळा महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून पांचगणीच्या रस्त्याला साधारण सहा किलोमीटरवर. त्याच्या अलीकडे, रस्त्यालगत वेण्णा तलाव लागतो. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये तो बांधवून घेतला. होड्या, घोडे, कणसांच्या शेगड्या यांच्या गर्दीत ही एक नदी अडवलेली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. श्रावणात तो तुडुंब भरून वाहतो आणि सांडलेलं पाणी लिंगमळ्याकडे निघतं.

फाटकातून आत शिरलो आणि उजेडच बदलला. इथली झाडं उंच नाहीत. वारा आणि जांभ्यावरचा मातीचा पातळ थर त्यांना फार वाढू देत नाही. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा सगळे बुटके, वाकडेतिकडे, एकमेकांत फांद्या घालून उभे. खोडाची साल मात्र दिसत नाही. त्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, मधेच आमरीची जाड पानं, आणि जिथे काहीच नाही तिथे राखाडी-हिरव्या शैवाकाचे पापुद्रे. आत्याने एक पापुद्रा निरखला. ‘‘हे दगडफूल ना रे? मसाल्यातलं?’’ त्याच्याच जातकुळीतलं, म्हणालो. ‘‘मग झाडावर कसं?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नाव ठेवणाऱ्याला ते दगडावर भेटलं असेल.

इंग्रजांनी या लिंगमळ्यात एकोणिसाव्या शतकात सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. हिवतापावरचं क्विनाइन त्याच्या सालीतून मिळतं. ती बाग टिकली नाही. इथे वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तो सोसायची सवय या बुटक्या झाडांनाच आहे. गंमत अशी, की पूर्वेला पांचगणीपर्यंत गेलात तर पाऊस निम्म्याहून कमी होतो, आणि घाट उतरून वाईला पोचलात तर तो हजार मिलिमीटरही भरत नाही. तासाभराच्या रस्त्यावर एवढा फरक! ढग आपली सगळी कमाई इथेच उधळून टाकतात. उघड्या सड्यावर पडलेलं पाणी जांभा पिऊन घेतो. रस्त्याकडेच्या दरडीत तो कापलेला दिसला तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘आंबोळीसारखी जाळी पडलीय.’’ त्या जाळीतून झिरपून पाणी खालच्या काळ्या दगडाशी अडतं आणि कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून पाऊस थांबल्यावरही धबधबा लगेच आटत नाही, रोडावत रोडावत हिवाळ्यापर्यंत पोचतो.

वाट पुढे दुभंगते. एक फाटा धाकट्या धबधब्याकडे जातो. तिथे पाणी बुटक्या पायरीवरून घसरतं आणि लोक फोटो काढतात. थोरला धबधबा दुसऱ्या टोकाला, दरीच्या काठावर. तो 500 ते 600 फुटांचा सांगतात. हा कडा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो, मग कधीतरी तोही ढासळतो. धबधबा असा सावकाश मागे सरकत असतो.

आम्ही कठड्याशी पोचलो तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं. दरी नाही, कडा नाही, पाणी नाही. धुकं कठड्याला येऊन टेकलेलं. आवाज मात्र प्रचंड, पायाखालून येणारा. वारा उलटा फिरला की तुषार खालून वर येत आणि छत्रीच्या आतून चेहरा भिजवत. या सगळ्या कोलाहलाला चिरत कुठूनशी शीळ आली, लांबलचक, बेसूर होता होता सावरणारी. शीळकरी कस्तुर. हा निळा-काळा पक्षी पावसाळ्यातच, धबधब्याजवळच्या कपारींत घरटं करतो. पाण्याच्या गर्जनेत जोडीदाराला ऐकू जायचं तर गळा तसाच हवा.

शेजारी एक कुटुंब वैतागलं होतं. ‘‘तिकिटाचे पैसे पाण्यात,’’ गृहस्थ म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला नसावा, मला वाटला. आत्या वळून म्हणाली, ‘‘अहो, दिवाळीच्या सुमाराला या, तेव्हा दिसतो म्हणे. पण तेव्हा एवढा बोलत नसेल.’’ मग आपणहूनच त्यांना सगळं सांगू लागली. हे पाणी खाली केळघरच्या खोऱ्यात उतरतं, तिथून आमच्या मेढ्याला, मग कण्हेरच्या धरणात, आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळतं. न दिसणाऱ्या धबधब्याकडे पाठ करून ती बोटाने हवेत नदी काढत होती. गृहस्थांची मुलगी त्या बोटामागे डोळे फिरवत होती, आणि गृहस्थही हळूहळू.

पलीकडच्या उतारावर पडलेला थेंब सावित्रीतून कोकणात, बाणकोटच्या खाडीला जातो, आणि इथला कृष्णेबरोबर अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. हे मी आत्याला सांगितलं. ‘‘असू दे,’’ ती म्हणाली, ‘‘आधी मेढ्याला पोचू दे.’’

परत फाटकाशी आलो तर मोबाइलला रेंज मिळाली. तिने घरी फोन लावला. सूनही तिला आत्याच म्हणते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

‘‘काय गं, पुलाखालचा मोठा दगड दिसतोय का?’’

‘‘कुठला दगड, आत्या? सकाळीच बुडाला. पाणी लालभडक आलंय. तुम्ही पाहिला का धबधबा?’’

‘‘पाहतेय कुठला! पण आता चहा घेऊन निघतो. तू गुरं अलीकडेच बांध.’’