सुनील आहे ना?

सध्या मी भेटेल त्याला एकच सांगत सुटले आहे: बंगळुरूच्या त्या ९६ धावा बघा. मिळतील तेवढ्या बघा! यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांत आहेत, चित्र धुरकट आहे, मध्येच रंग उडतात, तरी बघा. मार्च १९८७, चिन्नास्वामी स्टेडियम, समोर पाकिस्तान, मालिकेतली पाचवी कसोटी आणि सुनील गावसकरचा कसोटीतला शेवटचा डाव.

माझ्या पिढीला गावसकर माहीत आहे तो आवाज म्हणून. मॅच लावली की कॉमेंट्रीत असतो, टॉसच्या आधी पिचवर उभा राहून काहीतरी समजावून सांगत असतो. १०,१२२ धावा, ३४ शतकं, सलामीला, बहुतेक सगळी कारकीर्द हेल्मेटशिवाय, हे आकडेही शाळेपासून पाठ होते. पण तो खेळताना कसा दिसायचा हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि परवा रात्री सहज एक व्हिडिओ लावला तो थेट या डावाचा.

त्या पिचवर चेंडू नुसता वळत नव्हता, उसळत होता. पाकिस्तानचा पहिला डाव ११६ वर आटोपला होता. मनिंदर सिंगनं २७ धावांत सात जण काढले होते. भारताला शेवटी जिंकायला २२१ हव्या होत्या. एका टोकानं इक्बाल कासिम, दुसऱ्या टोकानं तौसीफ अहमद, आणि बॅटच्या भोवती हात पसरून बसलेले क्षेत्ररक्षक. त्यात हा पाच फूट पाच इंचाचा माणूस पाच तासांहून जास्त वेळ उभा आहे. त्या डावात आपला दुसरा एकही फलंदाज तिशीपर्यंत पोचला नाही. एकही नाही!

एक चेंडू मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. डावखुऱ्या कासिमचा, चांगल्या टप्प्यावर पडलेला. पडतो आणि धूळ उडते, फुफाट्यातून उडावी तशी, आणि चेंडू सरळ ग्लोव्हजच्या उंचीला येतो. दुसरा कुणी असता तर हात पुढे गेले असते आणि सिली पॉइंटला झेल. गावसकरचे हात उलट मागे येतात, अगदी शेवटच्या क्षणी. खालच्या हाताची पकड इतकी सैल की बॅट हातात धरलेली नाही, नुसती टांगलेली आहे असं वाटतं. चेंडू बॅटवर येतो आणि मरतो. त्याच्याच बुटाशी पडतो. सिली पॉइंट पुढे झेपावतो, त्याची बोटं जमिनीवर आपटतात, आणि तोवर गावसकर मान खाली घालून टप्प्याची जागा बॅटनं ठोकायला निघालेलासुद्धा असतो. धाव शून्य. मी खुर्चीवरून उठले होते! एकही धाव न निघालेल्या चेंडूसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवरून उठले.

मग तो ९६ वर बाद होतो, कासिमच्याच एका उसळलेल्या चेंडूवर, स्लिपमध्ये. भारत १६ धावांनी हरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाला फोन लावला. मामा तेव्हा बँकेत नवीन लागला होता. ‘बंगळुरू’ म्हटल्याबरोबर त्याचा आवाज बदलला. म्हणाला, ‘‘अगं, त्या दिवशी काउंटरवर येणारा माणूस पैसे मागायच्या आधी विचारायचा, सुनील आहे ना?’’ स्कोअर नंतर. किती विकेट गेल्या ते त्याच्याही नंतर. आधी, सुनील आहे ना? आणि मामानं सांगितलं की हे काही बंगळुरूपुरतं नव्हतं, त्यांची सगळी तरुणाई याच प्रश्नावर गेली. दुकानातला ट्रान्झिस्टर, पानवाल्याच्या टपरीसमोरची गर्दी, लोकलच्या दारात उभा असलेला अनोळखी माणूस, सगळीकडे हाच प्रश्न, आणि ‘आहे’ म्हटलं की समोरच्याचे खांदे खाली यायचे.

मला हे काहीतरी अफाट सापडल्यासारखं झालं आहे. तेव्हापासून मी साठीच्या पुढचं कुणीही भेटलं की विचारते, तुमचा आवडता गावसकर कुठला? आणि काय सांगू, प्रत्येकाकडे आहे! आपण सचिनच्या आठवणी काढतो तेव्हा बोलतो ते फटक्यांवर: शारजा, सेंच्युरियनचा तो शोएबला मारलेला अपर कट. ही माणसं फटके क्वचितच सांगतात. आपण कुठे होतो, बरोबर कोण होतं, किती वेळ श्वास धरून बसलो होतो, हे सांगतात. आणि त्यांच्या सर्वांत लाडक्या आठवणी जिंकलेल्या सामन्यांच्या नाहीत. बंगळुरू हरलो. ओव्हल अनिर्णित राहिलं.

ओव्हल! गिरगावातल्या एका चाळीतल्या काकांनी मला ओव्हल सांगितलं आणि मी बसच्या वेळा विसरले. ४ सप्टेंबर १९७९. इंग्लंडविरुद्ध चौथ्या डावात ४३८ हवे होते, म्हणजे त्या काळी वेड लागल्याशिवाय कुणी ज्याचा विचार करणार नाही असा आकडा. गावसकर आणि चेतन चौहान यांनी पहिल्या विकेटला २१३ केले. शेवटची अनिवार्य वीस षटकं सुरू झाली तेव्हा आपण एक बाद ३२८! हव्या होत्या ११०, हातात नऊ गडी. इकडे रात्र झालेली, गणपतीचे दिवस, चाळीच्या अंगणात मांडव. काका सांगतात, आरती उरकून पोरं मांडवातच रेडिओभोवती बसली होती. लघुलहरीवरचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा, नेमक्या मोक्याच्या क्षणी जायचा, आणि मग सगळे रेडिओ धरलेल्या मुलाकडे बघायचे, हलू नकोस म्हणून. द्विशतक झालं तेव्हा मूर्तीपुढची घंटा वाजवली कुणीतरी. ३८९ वर सुनील गेला. २२१ करून, बोथमच्या चेंडूवर, गॉवरच्या हातात. काकांनी हे सांगताना दोन्ही हात मांडीवर टाकले. चाळीसहून जास्त वर्षं होऊन गेली आहेत, आणि हात टाकले! शेवटी आठ बाद ४२९, नऊ धावा कमी, सामना अनिर्णित. मी विचारलं, वाईट वाटलं? म्हणाले, ‘‘वाईट कसलं? अगं, आम्ही नऊ धावांवर होतो. इंग्लंडात. आम्ही!’’

त्या ‘आम्ही’वर मी अजून विचार करते आहे. १९७१च्या आधी वेस्ट इंडीजला आपण एकदाही कसोटीत हरवलेलं नव्हतं. अजित वाडेकर कर्णधार झाला, दिलीप सरदेसाईनं त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा केल्या, आणि पहिल्या कसोटीला बोट दुखावल्यामुळे बाहेर बसलेला एकवीस वर्षांचा मुंबईकर पोरगा उरलेल्या चार कसोटींत ७७४ करून बसला. पदार्पणाच्या मालिकेत! पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०, तेही दाढ ठणकत असताना, दुसऱ्या डावात आठ तासांहून जास्त. आपण मालिका १-० जिंकली. आणि हरलेल्यांनी काय केलं? लॉर्ड रिलेटर नावाच्या त्रिनिदादच्या गायकानं त्याच्यावर कॅलिप्सो रचला. ज्यानं आपल्या गोलंदाजांना रडवलं त्याच्यावर गाणं! मी ते गाणं ऐकलं आणि हसत हसत डोळ्यांत पाणी आलं. त्रिनिदादच्या लोकांचा आवडता गावसकर कुठला हे विचारायला नकोच, ते नाचत नाचत सांगून मोकळे झाले आहेत. १९७६ला तो त्याच मैदानावर परत गेला, शतक केलं, विश्वनाथनंही केलं आणि आपण चौथ्या डावात ४०६ करून जिंकलो. त्या सामन्यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

त्याच्या लहानपणाच्या गोष्टी तर बहुतेकांना तोंडपाठ आहेत आणि मला नव्या आहेत, म्हणून सांगतेच. त्याचे मामा माधव मंत्री कसोटीपटू. छोट्या सुनीलनं त्यांचा इंडियाचा स्वेटर मागितला, तर मामांनी सांगितलं, तो मागून मिळत नाही, कमवावा लागतो. आणि घरात आई टेनिस बॉलनं बोलिंग टाकायची! एकदा त्याचा फटका थेट तिच्या नाकावर बसला. रक्त थांबवून ती परत टाकायला उभी राहिली. तो वाढला त्या ताडदेवच्या चिखलवाडीत मी मुद्दाम जाऊन आले. किती कमी जागा! सरळ बॅटनं खेळायला एवढ्याशा जागेनंच शिकवलं असणार असं मला तिथे उभं राहून वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, नुसता बचाव. तर मग दिल्ली, १९८३ बघा. विश्वचषक गमावलेला वेस्ट इंडीजचा संघ खवळून आलेला. कानपूरला माल्कम मार्शलच्या एका चेंडूनं गावसकरच्या हातातली बॅटच उडवली होती. लोक म्हणायला लागले, संपला. लगेच पुढची कसोटी दिल्लीला, फिरोजशाह कोटलावर. आणि गावसकरनं हूक मारायला सुरुवात केली! कैक वर्षं ठेवणीत ठेवलेला फटका, मार्शलविरुद्ध, होल्डिंगविरुद्ध. ९४ चेंडूंत शतक. एकोणतिसावं, म्हणजे ब्रॅडमनच्या बरोबरीचं. हे शतक मला सगळ्यांत जास्त आवडतं, हे मी आत्ताच सांगून टाकते. कारण त्यातून कळतं की बाकीची सगळी वर्षं तो चेंडू सोडत होता ते मारता येत नव्हते म्हणून नव्हे. त्यानं ठरवलं होतं. संघात मागे कोण आहे, किती वेळ उरलाय, कोण दमलाय याचा हिशोब मांडून तो रोज तो फटका खिशात ठेवून खेळायला उतरत होता.

नागपूर तर मला थेट घरातच मिळालं. माझी मावशी तेव्हा कॉलेजात होती आणि ३१ ऑक्टोबर १९८७ला सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर हजर होती! हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. विश्वचषक, न्यूझीलंडविरुद्ध. आधी चेतन शर्माची हॅटट्रिक, तिन्ही त्रिफळे. मैत्रिणींचे घसे तेव्हाच बसले होते. उपांत्य सामना मुंबईत हवा असेल तर २२२ धावा झपाट्यानं काढायला हव्या होत्या, आणि सलामीला आला तापानं फणफणलेला गावसकर. मावशी म्हणते, चॅटफिल्डचं षटक सुरू झालं तेव्हा ती पाण्याची बाटली पर्समध्ये ठेवत होती. पहिला षटकार बघायचा राहिला. दुसरा डोक्यावरून जाताना बघितला. मग दोन चौकार. त्या एका षटकात २१ धावा निघाल्या. ८५ चेंडूंत शतक, आणि एकदिवसीय क्रिकेटमधलं हे त्याचं पहिलं आणि एकुलतं एक. १०७व्या सामन्यात! मावशीनं उठून दाखवलं तो कसा मारत होता ते, लाटण्यानं, स्वयंपाकघरात, पाऊल पुढे टाकून, कोपर वर. चेहऱ्यावरून तिची चाळीस वर्षं गळून पडली. पुढचा सामना वानखेडेवर, इंग्लंडविरुद्ध. तिथे चार धावांवर डिफ्रेटसनं त्रिफळा उडवला आणि गावसकर भारताकडून परत खेळला नाही. त्याबद्दल मावशी फार बोलली नाही, परत चॅटफिल्डवर आली.

आणि ही ऐकाच. दादरला क्लब क्रिकेट खेळलेल्या एका आजोबांनी सांगितलेली. दादर युनियनचा सुनील, असंच म्हणतात ते. १९८२, रणजीचा उपांत्य सामना, मुंबई विरुद्ध कर्नाटक, तोही बंगळुरूमध्येच. डावखुरा फिरकी गोलंदाज रघुराम भट खेळपट्टीच्या खरवडलेल्या भागात चेंडू टाकून तिथून तो बाहेर वळवत होता, मुंबईचे गडी भराभर पडत होते. गावसकर आला आणि भटसमोर डावखुरा उभा राहिला! स्टान्स बदलला, ग्रिप बदलली. वळलेला चेंडू आता आत यायला लागला आणि पॅडवर घेता यायला लागला. भटचं षटक संपलं की दुसऱ्या गोलंदाजाला पुन्हा उजव्या हातानं. नाबाद राहिला, पराभव टाळला. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेलं ते गेलंच. हे ऐकलं आणि मी घरी येऊन पुन्हा ९६चा व्हिडिओ लावला. बंगळुरू, वळणारं पिच, डावखुरा फिरकी गोलंदाज. पाच वर्षं आधी ज्या प्रश्नाला तो हात बदलून सामोरा गेला, तोच प्रश्न शेवटच्या डावात कासिमनं विचारला, आणि या वेळी त्यानं उजव्या हातानं, नुसती पकड सैल करून उत्तर शोधलं होतं. आता मला तो प्रत्येक चेंडू वेगळा दिसायला लागला आहे.

एक जागा अजून रिकामी आहे. डिसेंबर १९८३, मद्रास, चेपॉक. त्या वेळी तो सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर खेळणार होता. मार्शलनं दोन गडी काढले आणि तो उतरला तेव्हा फलकावर शून्यच होतं, म्हणजे सलामीलाच आल्यासारखं. मग नाबाद २३६, तिसावं शतक, ब्रॅडमनच्या पुढे, किरमाणीबरोबर नवव्या विकेटसाठी नाबाद १४३. ते प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. मद्रासमध्ये तेव्हा नोकरीला असलेलं, सुट्टी टाकून मैदानात गेलेलं कुणी तुमच्या घरात, सोसायटीत, सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर असेल तर मला कळवा. मी येते, सगळं ऐकून घेते, पहिल्या चेंडूपासून.