दस्तुर कोणाचा? (लेखांक तिसरा)

सोमवार, मिरज

पुडक्याची हकिगत मागच्या अंकात येऊन गेली आहे. रद्दीत निघालेली, १९४१ ते १९४५ या काळात लढाईवरून जत संस्थानातल्या एका गावी आलेली मोडी पत्रे. पाठवणारा एक मराठा शिपाई, घेणारे त्याचे वडील. अक्षर असे, की मोडीचा गंध नसलेला माणूसही पान लवकर खाली ठेवत नाही.

आज ती पत्रे मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांपुढे ठेवली. पुराभिलेख खात्याच्या वर्गात ते मोडी शिकले आणि आता लोकांची जुनी खरेदीखते वाचून देतात. मजकुराकडे त्यांनी आधी पाहिलेच नाही, पान आडवे धरून रेघा पाहिल्या. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. या पत्रांतल्या ओळी चांगल्या तिफणकऱ्याच्या काकऱ्यांसारख्या पहिलीपासून शेवटच्यापर्यंत एका अंतराने जातात. तंबूत, मांडीवर कागद घेऊन हे जमवणे सोपे नाही.

"शब्द सुटे आहेत बघा," सर म्हणाले. मुरलेला दप्तरी कारकून शब्दामागून शब्द न तोडता लिहीत सुटतो, आणि मग वाचणाऱ्याचे हाल होतात. इथे प्रत्येक शब्दानंतर जागा सोडलेली आहे. म्हणजे हा हात वाड्यावरच्या दप्तरात तयार झालेला नाही. शाळेत कित्ता गिरवून झालेला आहे.

शेवटी, सही असते त्या जागी, एक नांगर आहे. थरथरत्या रेघांचा, फाळ एकीकडे आणि रुमणे भलतीकडे गेलेले. लिहिता न येणारा कुणबी पूर्वी कागदावर नांगराची निशाणी करी, क्षत्रिय म्हणवणारा कट्यारीची, बाई बांगडीची. पुढे बहुतेकांनी अंगठा धरला. या शिपायाने मात्र पत्रागणिक नांगर काढला आहे. पानावर त्याच्या हातचे तेवढेच. बाकी सगळे दुसऱ्याचे, आणि खरेदीखतात लिहिणाऱ्याचा दस्तुर नावासह येतो तसा इथे कुठेच येत नाही.

मग सर मजकुराकडे वळले आणि एकदम हसले. "पाऊस पडली का. गाय व्याला का." पुढच्या पत्रात पुन्हा तेच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या अनेक चुका तिच्यात झाकून जातात. लिंग मात्र झाकत नाही. शिपायाचे गाव मराठी बोलणारे. तिथला गडी गाईला व्यालेला म्हणणार नाही. "लिहिणारा घरी कानडी बोलणारा," सरांनी निकाल दिला. "वळणं बघा, जरा जास्तच गोल आहेत." गोलाईचे मला तितकेसे पटले नाही, गाईचे पटले.

मंगळवार, मिरज ते जत

एसटीने निघाले. कवठेमहांकाळच्या पुढे गाडी रिकामी होईल असे वाटले होते, पण मार्गशीर्ष चालू आहे. जतच्या यल्लमाची यात्रा, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर परड्या घेतलेल्या बायका, पोरे आणि एकदा तर कोंबड्यांची पाटी.

शिपाई या वाटेने गेला नसणार. त्याच्यासाठी रेल्वे होती, बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९२७ मध्ये पंढरपुरापासून मिरजेपर्यंत आली. तिच्यावर 'जत रोड' नावाचे स्टेशन आहे, पण ते जतपासून इतके लांब की नावाला भुलून उतरणाऱ्याला पुढे बैलगाडीच धरावी लागे. तिथून मिरज, मिरजेहून बेळगाव. १९२२ पासून मराठा पलटणींचे शिक्षण बेळगावात होई. हिंदी लष्कर त्या लढाईत पंचवीस लाखांवर गेले आणि त्यासाठी भरती करणारे लोक अशा कोरडवाहू मुलखांत आधी पोचले. पाऊस नसला की पलटण, हे इथले जुने गणित.

संध्याकाळी लॉजवर पाकिटांवरचे शिक्के पाहत बसले. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसे, नुसता क्रमांक. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून. पण तिकिटे आणि शिक्के जमवणाऱ्या चिकट मंडळींनी कोणता क्रमांक कोणत्या तारखेला कुठे होता याच्या याद्या नंतर तयार केल्या आहेत. त्या लावून पाहिले तर आमचा शिपाई आधी इजिप्तकडे आणि १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत दिसतो. याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात पाचव्या मराठाच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तिथल्या मोंटोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. जुलैच्या आमच्या पत्रात काय आहे? सर्व खुशाल, काळजी नसावी, मनिऑर्डर पावली की नाही ते कळवणे, आणि "इकडे द्राक्षाचे मळे फार आहेत, बांधाला बांध". ज्या जत भागात आज द्राक्षे आणि बेदाणा होतो, तिथल्या बापाला तेव्हा हे वाचून काय कळले असेल!

एका पत्राचा सूर वेगळा आहे. १९४२ च्या पावसाळ्यातले. शेजारच्या घरच्या मुलाची 'रेडक्रॉसची चिठ्ठी' आली का, असे त्यात दोनदा विचारले आहे. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडले तेव्हा मराठ्यांची दुसरी पलटण तिथे कैद झाली. पत्रात तोब्रुक हा शब्द नाही. असता तरी सेन्सॉरच्या कात्रीतून सुटला नसता.

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांच्या पत्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण फ्रान्समधल्या सेन्सॉर कचेरीने त्यांचे उतारे इंग्रजीत भाषांतर करून ठेवले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ती पत्रेही बरीचशी सांगून लिहवलेली. तिथे मजकूर उरला आणि हात गेला. माझ्याकडे उलट आहे, मजकूर जवळजवळ काहीच नाही, हात मात्र पुरेपूर.

बुधवार, जत तालुक्याचा पश्चिम भाग

पत्त्यावरचे गाव सापडायला वेळ लागला नाही. घरच्यांच्या इच्छेवरून नाव देत नाही. शिपायाची सून, आता नव्वदीला टेकलेली, ओसरीवर शेंगा फोडत होती.

"सासऱ्यांची पत्रं व्हय? पोरांनी पेटी विकली आसंल." तिला त्याचे काही वाटले नाही. मला उगाच वाटत होते.

पत्र आले की काय व्हायचे, हे तिने सासूकडून ऐकले होते. पत्र घेऊन म्हातारा कुलकर्ण्याच्या वाड्यावर जाई. मोडी वाचणारे घर तेवढेच. वाड्याच्या पायरीवर सगळी भावकी जमे, वाणी येई, ज्यांची पोरे पलटणीत होती ते तर येतच. म्हणजे बापाला लिहिलेले पत्र गावाला ऐकवले जाई. बायकोच्या नावाने एक अक्षर नसे, 'घरातील सर्वांस आशीर्वाद' यातच तिने आपला वाटा ओळखायचा. हे ऐकल्यावर पत्रे इतकी कोरडी का, ते उमगले. एका टोकाला सांगणारा, लिहिणारा आणि सेन्सॉर, दुसऱ्या टोकाला कुलकर्णी आणि अर्धे गाव. त्यातून जेवढे सांडल्याशिवाय पोचेल तेवढेच कागदावर घालायचे. आणि बहुधा म्हणूनच अक्षराला एवढी किंमत. मजकुरातून काही कळायची सोय नाही, पण पत्र देखणे असले तर पोरगा बऱ्या संगतीत आहे एवढे कळे.

लिहिणाऱ्याबद्दल विचारले.

"अण्णा म्हणायचे त्येला. आमचा अण्णा लिवायचा, आसं सांगायचे. उमदीकडला. पैसा न्हाई घ्यायचा, तंबाखू घ्यायचा."

"अण्णाचं नाव?"

"अण्णाच की."

इकडे निम्मा तालुका अण्णा आहे.

पत्रे परत घेता का, असे विचारले. ती म्हणाली, "मला कुठं वाचाय येतंय? नांगुर बरा काढलेलं एकांदं ठिवून जा." दोघींनी मिळून निवडले. १९४५ सालचे निघाले. चार वर्षांत त्याचा नांगर बराच सुधारला होता.

गुरुवार, उमदीकडे

जतच्या पूर्वेला गाडी वळली की बोलणे बदलते. दुकानांच्या पाट्या मराठीत, आतली उधारी कानडीत. जिल्हा परिषदेच्या इथल्या कितीतरी शाळा कानडी माध्यमाच्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा मुंबईच्या वाहिन्यांना हा तालुका नव्याने सापडला. इथल्यांना त्यात नवल नव्हते, पाण्यावाचून वैतागून तसा ठराव त्यांनीच पूर्वी केला होता. डफळ्यांचे संस्थान होते तेव्हा घरात कानडी आणि सरकारदरबारी मराठी, ही विभागणी कोणाला खटकत नव्हती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढच्या वर्षी तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात मोजला जाऊ लागला. त्याला सांगली हे नाव १९६० चे.

उमदीकडला, लढाईवर गेलेला, अक्षर चांगले. एवढ्या खुणांवर माणूस कसा शोधायचा? चहाच्या टपरीवर सहज विचारले तर तिघांनी तीन घरे सांगितली. पण तिघेही एका गोष्टीवर अडले: अक्षर म्हणाल तर सोसायटीचे जुने सेक्रेटरी. लढाईवरून आल्यावर त्यांनी विकास सोसायटीचे दप्तर सांभाळले होते. गावातले लोक मला वाटेत ऐकवत होते की एवढे अक्षर म्हणजे कोणी कुलकर्णी-देशपांडेच असणार. घर निघाले एका लिंगायत शेतकऱ्याचे.

"बर्री, कुंड्री," म्हणत नातू बाहेर आला. डाळिंबवाला, चाळिशीतला. माझे काम ऐकून त्याने आधी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे केले. इथे पोट भरल्याशिवाय कोणतेही काम सुरू होत नाही, आणि ही पद्धत उत्तम आहे.

मग पत्र्याच्या ट्रंकेतून सोसायटीच्या हिशेबाची एक जुनी वही निघाली. पहिली काही पाने मोडीत, पुढची बाळबोध. मोडीच्या पानावर मी आमचे पत्र ठेवले. रेघांतले अंतर तेच, सुटे शब्द तेच. मी मोडीची जाणकार नाही म्हणून फोटो काढून मिरजेला सरांकडे पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आले: "तोच. शंका नको." वहीत एका ठिकाणी 'कर्ज मंजूर झाली' असे आहे, ते मी सरांना मुद्दाम कळवले.

ट्रंकेत आणखी एक पुडके होते, त्यांनी स्वतःच्या थोरल्या भावाला लढाईवरून लिहिलेल्या कानडी पत्रांचे. ते पाहून मी गप्पच झाले. गिचमिड अक्षर, ओळी उताराला लागलेल्या, शाईचे डाग, खाडाखोड. एखादे तर कार्डाच्या अर्ध्यावरच संपलेले. कानडी मला वाचता येत नाही, पण घाई कोणत्याही लिपीत वाचता येते. हा तोच माणूस, यावर विश्वास बसेना.

नातू एकेक वाचून मराठीत सांगत गेला. थंडी फार आहे. विडीकाडी मिळते. रोमन उर्दूची परीक्षा पास झालो (लष्करात शिपायांना हिंदुस्तानी रोमन लिपीत शिकवत), पगार वाढेल. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य फिरून फिरून: आज लोकांची पत्रे लिहून हात दुखतो, म्हणून थोडक्यात लिहितो.

"आमच्या घरात सांगायचे," नातू म्हणाला, "की आजोबांचं अक्षर वाईट होतं. सोसायटीत बरं काढायचे, घरी वाईट."

त्याच्या आजीला ते नेहमी लागून राहिले होते म्हणे. तिच्या दिराला आलेली पत्रे अशी, आणि त्याच हाताची दुसऱ्यांच्या बापांना गेलेली तशी. हे तिला कळायला मात्र काहीच मार्ग नव्हता. उमदीकडची बाई पश्चिमेच्या त्या वाड्याच्या पायरीवर कशाला गेली असती? तिने पाहिले ते एवढेच, की सोसायटीच्या वहीत नवरा जीव ओतून लिहितो.

माझा अंदाज सांगते. सरळ रेघ, सुटे शब्द, काना-मात्रेची निगा हे सगळे त्याने शाळेत परक्या भाषेसाठी कमावलेले होते. मराठी त्याच्यासाठी नेहमीच परीक्षेचा पेपर राहिली, म्हणून तिच्यात अक्षर काढावे लागे. कानडी घरची, तिच्यात सैल बसता येई. शिवाय पोरे समोर बसून सांगायची, नांगर काढायला वाट पाहत थांबायची. त्यांच्यादेखत गिचमिड कशी करणार?

नातवाला आमच्या पत्राची प्रत हवी होती. गावातले झेरॉक्सचे दुकान उघडे होते पण वीज नव्हती, तेव्हा मोबाईलवर फोटो काढून दिले. मग त्याला एकदम सुचले, "त्या आजीबाईंचा फोन लागेल का?"

त्यांच्या नातवाच्या फोनवर लावून दिला. मला वाटले आता पत्रांचे, लढाईचे, अण्णाचे निघेल. पहिली दोन मिनिटे निघालेही. "तुमचं आजोबा आमच्या मामंजींचं पत्र लिवायचं," आजी मोठ्याने सांगत होत्या, आणि इकडून "हं आजी, हं आजी" चालले होते. मग आजींनी विचारले, डाळिंबाला काय भाव मिळाला. त्याने सांगितला, त्यांना कमी वाटला. सांगोल्याला घाला म्हणाल्या.

"आणि म्हैसाळचं पानी आलं का तुमच्याकडं?"

"कुठलं आजी! विस्तारित योजना म्हणतात, पाइप पडलेत."

"आमच्याकडं आलंय बघ. पर टायमाला सोडत न्हाईत."

त्यावर दोघांचे बराच वेळ एकमत झाले. माझी जतची शेवटची एसटी चुकली ती त्यामुळेच. उद्या सकाळी विजापूरवरून येणारी पकडून बेळगाव गाठायचे आहे.

(क्रमशः)