शब्द ओठांवरचे, ईमान मनातलं

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत एका अमेरिकन बँडच्या अल्बमवरून वाद झाला होता. बँड ‘स्लेयर’, अल्बम ‘ख्राइस्ट इल्यूजन’. मुखपृष्ठावर हात तुटलेला, रक्तात उभा असलेला येशू. मुंबईतल्या ‘कॅथलिक सेक्युलर फोरम’नं पोलिस आयुक्तांना निवेदन दिलं आणि ईएमआय कंपनीनं भारतातल्या दुकानांमधून अल्बम परत मागवला. अल्बममधल्या ‘जिहाद’ या गाण्यावरही आक्षेप होता.

मला ही बातमी लक्षात राहिली ती दोन कारणांनी. एक म्हणजे, तेव्हा लोकल गाड्यांमधल्या स्फोटांना जेमतेम तीन महिने झाले होते आणि ‘जिहाद’ हा शब्द कुणी उच्चारला की आमच्यासारख्यांची मान आपोआप खाली जायची. दुसरं कारण खूप नंतर कळलं. ज्या गायकाच्या अल्बमवरून मुंबईचे कॅथलिक संतापले होते, तो स्वतः कॅथलिक आहे. नावापुरता नाही, मानणारा.

टॉम अराया हा स्लेयरचा गायक आणि बास गिटारवादक. जन्म १९६१ चा, दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत, व्हिन्या देल मार या समुद्रकाठच्या शहरात. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आलं आणि लॉस एंजेलिसच्या बाजूला स्थिरावलं. घर धार्मिक. शिक्षण घेऊन तो रुग्णालयात लागला. काम होतं दम लागलेल्या, श्वास अडकलेल्या रुग्णांना श्वास मिळवून देण्याचं. १९८१ मध्ये बँड सुरू झाला, तरी नोकरी चालूच होती. १९८३ च्या पहिल्या अल्बमच्या खर्चात त्याच नोकरीतून साठवलेले पैसे होते. म्हणजे दिवसा लोकांचा श्वास सांभाळायचा आणि रात्री सैतान, नरक, मृत्यू यांच्यावर किंचाळायचं.

१९८६ च्या ‘रेन इन ब्लड’नं त्यांचं नाव जगभर झालं. अर्ध्या तासाहूनही छोटा अल्बम. त्यातलं पहिलंच गाणं आउश्वित्झच्या छळछावणीतला नाझी डॉक्टर मेंगेले याच्यावर. एका मोठ्या कंपनीनं तो वितरित करायला नकार दिला. बँडवर नाझीप्रेमाचा आरोप झाला, तो त्यांनी सतत नाकारला. ‘गॉड हेट्स अस ऑल’ नावाचा त्यांचा अल्बम बाजारात आला तो दिवस नेमका ११ सप्टेंबर २००१.

बँडमधली धर्माला शिव्या देणारी बरीच गाणी केरी किंग या गिटारवादकानं लिहिलेली. तो उघड नास्तिक. ती गायची मात्र अरायानं. मुलाखतींमध्ये त्याला हे वारंवार विचारलं गेलं. त्याचं उत्तर साधारण एकच: माझी श्रद्धा पक्की आहे, गाण्यातल्या शब्दांनी ती हलत नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. लहानपणापासून शिकलोय की जिभेचाही हिशोब द्यावा लागतो. मेंगेलेच्या छावणीतून वाचलेल्या माणसानं ते गाणं ऐकलं तर त्याला गायकाची श्रद्धा किती पक्की आहे याच्याशी काय देणंघेणं? दुखावणं तर झालंच ना. हे मला आजही वाटतं.

पण ‘जिहाद’ गाणं ऐकल्यावर मी दुसऱ्याच विचारात पडलो. ते गाणं विमान पळवणाऱ्या हल्लेखोराच्या तोंडी आहे. अराया ते जीव तोडून गातो. तरी जगात कुणालाही तो दहशतवादी वाटला नाही. लोकांना कळतं की हा गायक आहे, हे पात्र आहे, माणूस वेगळा आहे. इथे २००६ च्या त्या पावसाळ्यात मी एक ओळही गायली नव्हती, तरी ऑफिसात एकानं सहज विचारलं होतं, ‘‘तुमच्या लोकांना काय वाटतं यावर?’’ त्याला उत्तर देताना मी स्वतःला निर्दोष सिद्ध करत होतो. अरायाला स्वतःच्या तोंडच्या शब्दांपासून वेगळं होता येतं. मला न बोललेल्या शब्दांपासूनही होता येत नव्हतं.

त्याच अल्बममध्ये युद्धावरून मनानं मोडून परतलेल्या सैनिकावरचं गाणं आहे. ते खुद्द अरायानं लिहिलंय, आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. हे किती जणांना ठाऊक आहे? मुखपृष्ठ पाहिलं की आपलं वाचून संपतं.

हा दोष फक्त समोरच्यांचा नाही. आमच्या मोहल्ल्यातही कोण किती मुसलमान, हे दाढी आणि पायजम्याच्या उंचीवरून मोजणारे आहेत. गंमत म्हणजे अरायानं पुढे लांब पांढरी दाढी राखली. मशिदीबाहेर उभा राहिला तर चार जण नक्की सलाम करतील.

रणांगणात कलमा म्हणणाऱ्याला एका सहाबींनी ठार केलं. ते म्हणाले, तो भीतीनं म्हणत होता. त्यावर पैगंबरांनी, तू त्याचं हृदय उघडून पाहिलं होतंस का, अशी विचारणा केल्याचं अब्बा सांगायचे. अरायाची गाणी मला फारशी आवडत नाहीत. काही ऐकवतही नाहीत. पण त्याच्या ईमानाचा फैसला माझ्याकडे नाही, एवढं त्याच्यामुळे नव्यानं कळलं. माझ्याबाबत लोकांनी एवढंच मानलं असतं, तर त्या पावसाळ्यात मान वर ठेवून लोकलमध्ये चढलो असतो.