खिळे आधी, चित्र मागून

हलकं धान बांध्यांतून खळ्यावर आलं की भाऊबीजेपासून गोंदियाकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. बिरसी, कामठा, आमगाव हा सगळा पट्टा. आज या गावी, उद्या त्या. बिरसीचं नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली इंग्रजांनी बांधलेली ती धावपट्टी. खालची यादी मात्र जमिनीवरची आहे. या मंडयांतून जे हातानं रंगवलेलं असायचं आणि आता शोधावं लागतं, तेवढंच.

खिळ्यांची पाटी. हार्डबोर्डची, वरून कमानीसारखी गोल. उजव्या कडेला स्प्रिंगची दांडी. दांडी ओढून सोडली की छर्रा वर जातो आणि खिळ्याखिळ्याला ठेचकाळत खाली येतो. त्या स्प्रिंगच्या दांडीचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत १८७१ साली घेतलं. पुढे शिकागोच्या कारखान्यांत पाटीला पाय फुटले, वीज आली, दिवे आले. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’नं चेंडू परत मारणारे फ्लिपर दिले आणि आज ज्याला पिनबॉल म्हणतात ते यंत्र झालं. आपल्याकडची पाटी धाकटीच राहिली. कुळाचार तोच.

तो कुळाचार असा की खिळे आधी, चित्र मागून. पिनबॉलची रचना करणारा कोऱ्या लाकडावर भोकं, खांब, दिवे बसवतो, खेळून बघतो, आणि मग ते लाकूड चित्रकाराच्या हाती येतं. चित्रकाराला एक भोकही हलवायची मुभा नाही. म्हणून भोक विदूषकाचं तोंड होतं, दिवा नर्तकीच्या कानातला डूल होतो, चेंडू जिथून हमखास घरंगळतो तिथे नदी येते. मंडईतल्या पाटीवरही शंभराचं घर फुलाच्या मध्यावर आणि पाकळ्या खिळ्यांच्या आतबाहेर. अडचण दिसू नये इतकी सराईत पाकळी. या चित्रांचं देखणेपण मला तरी इथे दिसतं. रंगांच्या भडकपणात नव्हे. भडक रंग कुणीही लावतो.

पाटी आता प्लास्टिकची मिळते. खिळे साच्यातूनच येतात, चित्र स्टिकरचं. स्टिकर खिळ्यांना विचारत नाही.

पानठेल्याची काच. नाव आतून, उलटं लिहिलेलं. आधी अक्षराची किनार, मग पोट, मग मागची जमीन. कागदावर जे शेवटी करतात ते इथे पहिलं. चुकलं तर पुसून पुन्हा सुरुवातीपासून. पिनबॉलच्या उभ्या काचेचंही असंच. काचेच्या मागून रेषा, रेषेवर रंग, आणि सर्वांत शेवटी प्रकाश अडवणारा थर. जिथून दिवा दिसायला हवा तेवढी जागा त्या थरातून सोडायची. गॉटलिबसाठी रॉय पार्कर यांनी वर्षानुवर्षं अशा काचांची चित्रं काढली. बल्बच्या उष्णतेनं जुन्या काचांवरचे रंग पोपडे धरून गळतात, आणि दिवसा, दिवे बंद असताना, त्या अगदी मंद दिसतात. त्यांची पारख अंधारातच करावी. पानठेल्याचीही संध्याकाळी करावी, मागं बल्ब लागल्यावर.

मौत का कुआँ. हिंदी नावच चालतं. दर्शनी फळ्यांवर वाघ, गॉगलवाला मोटारसायकलस्वार, एक सिनेमातली बाई. गाव बदललं की सगळं सुटतं आणि पुन्हा जुळतं. एखादी फळी चुकून अलीकडे लागली की वाघाचा जबडा त्याच्या कानापाशी. म्हणजे चित्राचा एक उपयोग असाही की फळ्या जुळवणाऱ्याला नंबर वाचावे लागत नाहीत.

नाटकाचा पडदा. महाल, जंगल, रस्ता. झाडीपट्टीची नाटकमंडळी वडसा-देसाईगंजहून निघतात; नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. पडद्याच्या मधोमध फारसं काही रंगवत नाहीत, कारण तिथे नट उभा राहणार. खांब, झाडं, झालर, सगळा ऐवज कडांना. पाटीवर जसं भोक, तसा इथे नट. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, फार बरं झालं. पडदेवाल्याचं नाव मात्र खालच्या कोपऱ्यात, घडीत अर्धं मोडलेलं. आता पडदाच छापील येऊ लागलाय. त्यातल्या महालाच्या अगदी मध्यावर झुंबर असतं आणि ते राजाच्या डोक्यातून उगवतं.

बिडीच्या कट्ट्यावरचं लेबल. गोंदिया बिडीचं गाव, तेंदूपत्त्याच्या रानाला लागून. निरक्षर गिऱ्हाइकाला आपला छाप ओळखू यावा म्हणून चित्र, तेही पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग धोक्याच्या सूचनेला. त्याबद्दल तक्रार नाही. उरलेल्या जागेत चित्रकारानं काय करावं, एवढंच कुतूहल.

फुगे फोडायची फळी. काळ्या रंगावर पांढरी चौकट, चौकटीच्या घराघरात फुगा, वर कमानीत दुकानाचं नाव. छऱ्यांनी भोकं पडली की दरसाल नवा हात. आता मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर नटीचा चेहरा, आणि फुगे बांधायचे तिथेच बांधलेले, त्यामुळे एक नेमका तिच्या नाकावर. पोरं तोच आधी फोडतात.

झंडीमुंडीचं कापड. सहा घरं : इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, झंडी, मुंडी. सहा फासे एकदम. आपल्या घराचं चित्र एकाच फाशावर आलं किंवा कुठंच आलं नाही, तर पैसे मालकाचे. हिशेब केला तर चारांतल्या जवळजवळ तीन फेऱ्या त्याच्याच. झंडी लाल, मुंडीला मिशा, रेघा जाड, कारण कोंडाळ्यात तिसऱ्या रांगेतून वाकून पैसे लावणाऱ्यालाही घर दिसायला हवं. खरं तर हे या यादीत नको, कारण ते मंडईत अजून धडधाकट आहे. आणि पाटीवर कुणी रंगवत नाही. पोलिसांची गाडी वळली की चारी टोकं धरून एका झटक्यात उचलता यायला हवं.